थंडीने भाजलेले हात : एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्या आपल्या तरुणांना हे माहीत हवे

मार्च संपत आला की एसी दुरुस्तीच्या दुकानांत माणसे कमी पडू लागतात. एप्रिल-मे हा या धंद्याचा सीझन. एका दिवसात सात-आठ कॉल, प्रत्येक कॉल वेगळ्या इमारतीत, आणि प्रत्येक ठिकाणी ग्राहकाची घाई. आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथली अनेक मुले या दिवसांत हेल्पर म्हणून लागतात. कुणी आयटीआयचा कोर्स केलेला असतो, कुणी दहावीनंतर थेट उस्तादाच्या मागे पिशवी घेऊन फिरायला लागलेला असतो. जयंतीच्या मिरवणुकीसाठी एक दिवसाची सुट्टी मिळवतानाही त्यांना मालकाशी घासाघीस करावी लागते, इतके काम असते.

या मुलांशी बोलताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसली. हाताच्या बोटांवर पांढरट, चकचकीत डाग, एखाद्या बोटाच्या टोकाला संवेदना नाही, एखादे नख वेडेवाकडे वाढलेले. विचारले की उत्तर ठरलेले असते : "काही नाही, गॅस लागला होता."

हा 'गॅस लागणे' म्हणजे नेमके काय, त्यात शरीराचे काय होते, लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचे आणि त्याची भरपाई मागता येते का, हे या लेखात आम्ही मांडत आहोत. हिमदंश हा शब्द ऐकला की आपल्याला सियाचीनचे जवान आठवतात. पण ४० अंशांच्या उन्हात, चौथ्या मजल्याच्या छज्जावर बसलेल्या मुलालाही हिमदंश होऊ शकतो.

थंड वस्तू भाजते कशी?

इंजेक्शन देण्याआधी नर्स दंडाला स्पिरिट लावते तेव्हा तेवढी जागा गार पडते. स्पिरिट थंड नसते. ते उडून जाताना त्वचेतली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही असेच. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो जवळच्या वस्तूकडून घेतो.

एसी आणि फ्रिज याच तत्त्वावर चालतात. त्यांच्या नळ्यांमध्ये जो पदार्थ फिरतो त्याला रेफ्रिजरंट म्हणतात. बोलीभाषेत आपण त्याला 'गॅस' म्हणतो, पण सिलिंडरमध्ये आणि यंत्राच्या काही भागांत तो दाबाखाली द्रवरूपात असतो. दाब निघून गेला की तो तत्काळ उकळू लागतो. पाणी १०० अंशांना उकळते. हे पदार्थ शून्याच्या कितीतरी खाली उकळतात. उघड्या हवेत त्यांचे उत्कलनबिंदू साधारण असे आहेत :

- आर-१३४ए (गाड्यांचे एसी, अनेक फ्रिज) : उणे २६ अंश सेल्सिअस
- आर-२२ (जुने एसी) : उणे ४१ अंश
- आर-२९० म्हणजे प्रोपेन (काही नवे एसी, डीप फ्रीझर) : उणे ४२ अंश
- आर-४१०ए आणि आर-३२ (इन्व्हर्टर एसी) : उणे ५१ ते ५२ अंश
- आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन (घरगुती फ्रिज) : उणे १२ अंश
- अमोनिया (बर्फाचे कारखाने, शीतगृहे) : उणे ३३ अंश

आपल्या त्वचेचे तापमान तिशीच्या वर असते. त्यावर उणे ५० अंशांचा उकळता द्रव पडला की तो उकळण्यासाठी लागणारी सगळी उष्णता त्वचेतून ओढून घेतो. काही सेकंदांत त्वचेतले पाणी गोठते. पेशींच्या आत-बाहेर बर्फाचे बारीक स्फटिक तयार होतात आणि पेशी फाटतात. बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्तपुरवठा थांबतो. नंतर ती जागा पुन्हा गरम होते तेव्हा त्याच वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात, सूज येते, आणि नुकसान पुढे आणखी वाढत राहते. म्हणजे ही जखम गॅस लागला त्या क्षणी पूर्ण होत नाही. पुढच्या काही तासांत आपण काय करतो यावर बोट वाचणार की नाही हे बरेचसे ठरते.

आणखी एक गोष्ट. यंत्रातल्या गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. हे तेल गार द्रवाला त्वचेवर चिकटवून ठेवते. त्यामुळे नुसता गॅसचा फवारा उडून जाणे आणि तेलमिश्रित द्रव बोटावर बसणे, यांत मोठा फरक पडतो.

जखम होते ती नेहमीच्याच कामात

सिलिंडर फुटणे, आग लागणे हे अपघात बातमीत येतात. बोट गोठणे हा रोजच्या कामातला प्रकार आहे, म्हणून त्याची बातमी होत नाही. तो मुख्यतः या वेळी होतो :

होस पाइप काढताना. गॅस भरून झाल्यावर पाइपमध्ये द्रव अडकलेला असतो. व्हॉल्व्ह बंद न करता किंवा पाइप रिकामा होऊ न देता घाईत चुडी फिरवली की तो सरळ बोटांवर फवारतो. या कामात बोटे नेमकी त्या चुडीलाच धरलेली असतात.

गळती बोटाने दाबताना. सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन अडकली, गॅस फुसफुसायला लागला की हेल्पर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे अंगठा लावणे. "गॅस वाया जातोय, दाब!" असे उस्तादही ओरडतो. गॅसचे पैसे वाचवण्यासाठी दिलेला तो अंगठा कित्येक सेकंद उणे ४०-५० अंशांच्या धारेखाली राहतो.

फ्लेअर नट सोडताना. पंप डाऊन केला असे समजून, गेज न पाहता नट सैल केला जातो. लाइनमध्ये गॅस शिल्लक असेल तर तो तोंडावर, डोळ्यांत येतो.

सिलिंडर उलटा करून गॅस भरताना. आर-४१०ए हे दोन वायूंचे मिश्रण असल्यामुळे ते द्रवरूपातच भरावे लागते. म्हणजे पाइपमधून वाफ नव्हे, द्रव वाहतो. पाइप सुटला तर जखम जास्त खोल.

मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस ओतताना. दुकानाच्या मागच्या खोलीत, वजनकाट्याशिवाय, जोड कापडाने गुंडाळून हे काम चालते. छोटा सिलिंडर गच्च भरला गेला तर उन्हात तो फुटण्याचाही धोका असतो.

यंत्रे बदलली तसा धोकाही बदलला आहे. ३५ अंशांच्या दिवशी आर-२२ चा सिलिंडरमधला दाब १८० पीएसआयच्या आसपास असतो. आर-४१०ए आणि आर-३२ चा ३०० च्या आसपास. ज्या उस्तादाचा हात आर-२२ वर बसला आहे तो त्याच सवयीने नव्या यंत्राला हात घालतो. धार जास्त जोरात येते आणि जास्त गारही असते. वीस वर्षांचा अनुभव इथे अपुरा पडतो, त्यात त्या माणसाला कमीपणा नाही. नवीन माहिती त्याच्यापर्यंत कुणी पोहोचवलीच नाही.

सुती हातमोजे उलट घात करतात

अनेक ठिकाणी 'सेफ्टी' म्हणून पांढरे सुती हातमोजे दिले जातात. द्रवरूप गॅस सुती कापडात शोषला जातो आणि ओल्या फडक्यासारखा बोटाला चिकटून राहतो. उघड्या हातावरून जो द्रव क्षणात उडाला असता तो मोज्यामुळे तिथेच थांबतो. कोपऱ्यावरच्या दुकानातले पातळ रबरी मोजेही थंडी अडवत नाहीत. काही तर गोठून कडक होतात आणि तडकतात.

हवे असतात ते थंडीपासून वाचवणारे, आतून अस्तर असलेले आणि द्रव आत न झिरपणारे मोजे. त्यांनी मनगट झाकले पाहिजे. ते किंचित सैल असावेत, म्हणजे द्रव आत गेलाच तर हात झटकून मोजा काढता येतो. बारीक काम जाड मोज्यांत जमत नाही, ही मुलांची तक्रार खरी आहे. म्हणून निदान तीन वेळा तरी मोजे घातलेच पाहिजेत : पाइप जोडताना, पाइप काढताना आणि नट सोडताना. बाकी वायरिंग करताना काढले तरी चालतील.

डोळ्यांसाठी बाजूने बंद असलेला गॉगल हवा. बोटाची जखम बरी होऊ शकते. डोळ्याच्या बुबुळावर द्रव पडला तर दृष्टी जाऊ शकते. साधा नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल पुरत नाही.

सोबत दोन धोके लक्षात ठेवू. हे बहुतेक गॅस हवेपेक्षा जड असतात. बंद खोलीत, तळघरात गळती झाली तर ते खाली साचतात, प्राणवायूला बाजूला सारतात आणि माणूस गुदमरू शकतो. आणि नळीत गॅस शिल्लक असताना ब्रेझिंगचा टॉर्च लावला तर आर-२२, आर-३२ सारख्या गॅसपासून अतिशय विषारी, आम्लयुक्त धूर तयार होतो. आर-२९० आणि आर-६००ए तर स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद, सहज पेट घेणारे. आर-३२ सुद्धा काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे. तेव्हा गॅस पूर्ण काढल्याशिवाय टॉर्च नाही, हा नियम हात आणि फुप्फुस दोन्ही वाचवतो.

गॅस लागलाच तर : पहिला अर्धा तास

आगीने भाजल्यावर थंड पाणी ओतायचे, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. थंडीने भाजल्यावर नेमके उलटे करायचे असते. इथेच सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. कुणी बर्फ लावतो, कुणी टूथपेस्ट, कुणी हळद-तेल, कुणी हात चोळत राहतो, तर कुणी सरळ टॉर्चच्या आचेवर शेकतो. यातले काहीच करू नये.

१. आधी गॅसपासून बाजूला व्हा. खोली बंद असेल तर सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावे. दुसऱ्या कुणी शक्य असेल तर व्हॉल्व्ह बंद करावा. जखमी माणसाने 'गॅस वाचवत' बसू नये.

२. अंगठी, घड्याळ, कडे, मनगटाचा धागा लगेच काढा. थोड्या वेळाने सूज येते आणि हेच दागिने रक्तपुरवठा तोडतात.

३. गॅसने भिजलेला मोजा किंवा कपडा काढा. तो कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. त्यावर कोमट पाणी ओतून सुटू द्या. ओढल्यास कातडी सोबत येते.

४. हात कोमट पाण्यात बुडवा. पाण्याचे तापमान ३७ ते ३९ अंश असावे, म्हणजे शरीराइतके किंवा किंचित जास्त. थर्मामीटर नसेल तर तान्ह्या बाळाच्या अंघोळीचे पाणी आपण कोपराने पाहतो तसे पाहा. हे दुसऱ्याने किंवा चांगल्या हाताने पाहायचे. गोठलेल्या हाताला काहीच कळत नाही, त्यामुळे कढत पाण्यातही तो मुकाट बसेल आणि दुसऱ्यांदा भाजेल. २० ते ३० मिनिटे हात पाण्यात ठेवा, पाणी गार झाले की कोमट पाणी घालत राहा. कातडी मऊ आणि लालसर झाली की थांबा.

५. छज्जावर, गच्चीवर पाणी मिळत नसेल तर हात स्वतःच्या काखेत धरा आणि खाली उतरा. ग्राहकाच्या घरी कोमट पाणी मागायला लाजू नका.

६. चोळू नका, मालिश करू नका. आत बर्फाचे स्फटिक असताना चोळणे म्हणजे काचेचा चुरा दाबण्यासारखे आहे.

७. फोड आले तर फोडू नका. स्वच्छ, कोरडा गॉझ सैलसर गुंडाळा, दोन बोटांच्या मध्येही ठेवा. हात छातीच्या उंचीवर धरा.

८. विडी-सिगारेट-तंबाखू बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

९. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटे कोमट किंवा साध्या पाण्याची हलकी धार सोडा. गरम पाणी नको, डोळा चोळणे नको. तिथून थेट नेत्रतज्ज्ञाकडे.

गरम होताना हात प्रचंड ठणकतो. घाबरू नका, रक्त परत येत असल्याचे ते लक्षण आहे. उलट गरम करूनही बोट पांढरे, मेणासारखे कडक आणि बधिर राहिले, तर ती खरी धोक्याची खूण.

'दुखत नाही' याचा अर्थ 'काही झाले नाही' असा नाही

या जखमेचा मोठा धोका म्हणजे सुरुवातीला ती दुखत नाही. नसा गोठलेल्या असतात. मुलगा हात झटकतो, पुढच्या कॉलला जातो. संध्याकाळी सूज, रात्री फोड.

फोडात स्वच्छ पाणी असेल तर जखम बहुधा वरवरची. फोडात रक्त असेल, कातडी निळसर-जांभळी किंवा पुढे काळी पडू लागली असेल, तर जखम खोल आहे. बधिरपणा गेला नाही, फोड आले, बोटाचा रंग बदलला किंवा जखम चेहऱ्यावर-डोळ्यावर असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. खोल हिमदंशात रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारे काही उपचार पहिल्या २४ तासांतच उपयोगी पडतात आणि ते प्रत्येक ठिकाणी मिळत नाहीत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील प्लास्टिक सर्जरी किंवा बर्न्स विभाग ही योग्य जागा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

आपल्याकडच्या डॉक्टरांनाही ही जखम क्वचित दिसते. म्हणून नुसते "भाजले" असे सांगू नका. "रेफ्रिजरंट गॅसने थंडीची जखम झाली आहे, अमुक गॅस होता" असे स्पष्ट सांगा. सिलिंडरवरच्या लेबलचा फोटो सोबत न्या. आणखी एक : बोट काळे पडले की नातेवाईक घाबरतात आणि लगेच कापायला संमती देतात. हिमदंशात कुठपर्यंत मांस जिवंत आहे हे कळायला आठवडे, कधी महिने लागतात. जंतुसंसर्ग पसरला नसेल तर डॉक्टर सहसा थांबतात. लगेच कापायला सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हा तुमचा हक्क आहे.

जखम भरली तरी गोष्ट संपत नाही. बोटाला मुंग्या, थंडी सहन न होणे, सांधे आखडणे, टोकाला स्पर्श न कळणे हे महिनोन्‌महिने राहू शकते. हा कारागीर बोटांवर जगतो. चुडी बसली की नाही, वायर गरम आहे की नाही, हे तो बोटाने ओळखतो. ज्या बोटाला काही कळत नाही ते बोट पुढच्या अपघाताला आमंत्रण देते.

अमोनियाची गोष्ट वेगळी

बर्फाचे कारखाने, मासळी प्रक्रिया, दूध डेअरी, शीतगृहे इथे बहुधा अमोनिया वापरतात. तो दोन तऱ्हेने जाळतो : एक थंडीने, दुसरे रसायन म्हणून. त्वचेतल्या पाण्याशी मिळून तो दाहक अल्कली बनतो आणि आत शिरत जातो. इथे कोमट पाणी शोधत वेळ घालवायचा नाही. मिळेल ते भरपूर स्वच्छ पाणी ताबडतोब आणि बराच वेळ ओतत राहायचे, कपडे उतरवायचे, डोळे धुवत राहायचे आणि तसेच रुग्णालयात न्यायचे. श्वास लागत असेल तर तीही तातडीची वेळ आहे. अशा कारखान्यात कामाला लागणाऱ्याने पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारावेत : पाण्याचा शॉवर कुठे आहे, आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता?

भरपाई हा उपकार नाही

आम्ही पाहिलेल्या बहुतेक प्रसंगांत मालक दवाखान्याचे पहिले बिल भरतो, हातावर हजार-पाचशे ठेवतो आणि "बरा झालास की ये" म्हणतो. केसपेपरवर 'घरी भाजले' असे लिहायला सांगतो. मुलगाही ऐकतो, कारण काम जाईल ही भीती. इथेच त्याचा हक्क संपतो.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा हे या विषयातले दोन मूळ आधार. आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ते सामावले आहेत, पण गाभा तोच आहे : कामामुळे आणि काम करताना इजा झाली तर जबाबदारी मालकाची. कामगाराचे थोडे दुर्लक्ष झाले एवढ्यावरून ती संपत नाही. दारूच्या नशेत असणे, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडणे असे मोजकेच अपवाद आहेत. आणि मोजे-गॉगल दिलेच नसतील तर ते वापरले नाहीत असा ठपका ठेवता येत नाही.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआयचे संरक्षण आहे. कामावरच्या इजेसाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहिले जात नाही; नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क असतो. उपचार मोफत आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. कायमचे नुकसान झाले तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते आणि त्यानुसार दरमहा रक्कम मिळते.

ईएसआय नसेल तर भरपाईचा दावा. कायद्याच्या परिशिष्टात अवयवांची टक्केवारी दिली आहे : अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. २५ वर्षांचा कारागीर आणि १५,००० रुपये मासिक वेतन धरले, तर त्या वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक २१६.९१ गुणिले १४ टक्के. हिशेब पावणेतीन लाखांच्या आसपास जातो. हजार-पाचशे आणि पावणेतीन लाख यांतले अंतर म्हणजे माहिती नसण्याची किंमत आहे. बोट तुटले नाही पण कायमचे बधिर झाले, तरी कमाईची क्षमता किती घटली याचे डॉक्टरी प्रमाणपत्र घेऊन दावा करता येतो. काम ठेकेदारामार्फत मिळाले असले तरी, ते मूळ कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल तर जबाबदारी मूळ कंपनीपर्यंत जाते.

वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा असलाच पाहिजे, पण त्यावर विसंबू नका. तो मृत्यू, किंवा डोळा, पूर्ण हात-पाय निकामी झाल्यावर मिळतो. एका बोटासाठी तो नाही.

म्हणून अपघाताच्या दिवशीच एवढे करा : केसपेपरवर 'कामावर असताना रेफ्रिजरंट गॅस लागून इजा' असे लिहून घ्या. जखमेचे रोज फोटो काढा. त्या दिवसाचा कॉल, पत्ता, मालकाचे व्हॉट्सअॅप संदेश, पगार जमा झाल्याची नोंद जपून ठेवा. सोबत्याचे नाव लिहून ठेवा. मालकाला अपघाताची लेखी माहिती द्या, व्हॉट्सअॅपवर का होईना. मग कामगार आयुक्त कार्यालय आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून त्यात अनुसूचित जातीतील बौद्धही येतात. ही तरतूद आपल्यापैकी फार थोडे वापरतात.

हात, हवा आणि हुन्नर

गॅस हवेत सोडून द्यायची पद्धत आणि बोट गोठणे यांचे मूळ एकच आहे. नियमाने यंत्रातला जुना गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये परत घ्यायचा असतो. तसे केले तर नळीत गॅस उरत नाही, फवारा उडत नाही. पण मशीनला पैसे लागतात, वेळ लागतो, म्हणून नट सैल करून गॅस सोडला जातो. आर-४१०ए चा एक किलो हवेत सुटला तर तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी तापवृद्धी करतो. ओझोन वाचवण्यासाठी १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला, २०१६ मध्ये त्याला किगाली दुरुस्ती जोडली गेली, आणि भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. कागदावर हे उत्तम आहे. पण पिशवी धरणारा हेल्पर कुठल्याच यादीत नसतो, आणि गॅस लागतो तो बहुधा त्यालाच.

आपल्याकडे 'हात भाजल्याशिवाय मेकॅनिक होत नाही' असे अभिमानाने सांगितले जाते. यामागे मोठी सामाजिक सवय आहे. धोक्याचे, घाणीचे, उंचीवरचे काम ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आले, त्यांनी जखम निमूट सोसणे यालाच हुन्नर म्हणायचे. बाबासाहेबांनी ही समजूत कधी मान्य केली नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते त्यांच्याकडे होते. कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा प्रा. बी. पी. अडारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये आला तो याच काळात, आणि त्यातून पुढे ईएसआयची उभारणी झाली. ईएसआयचे कार्ड खिशात ठेवणारा प्रत्येक तरुण त्या कामाचा वारस आहे. ते कार्ड मागणे म्हणजे मालकाशी भांडण नव्हे, आपला वारसा मागणे आहे.

मंडळांनी, विहारांनी काय करावे?

मोठा निधी लागत नाही. प्रत्येक वस्तीत दहा-पंधरा मुले तरी या कामात असतात. त्यांची यादी करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधी, विहारात एक रविवार द्या. आयटीआयचा एखादा निदेशक, एक डॉक्टर आणि एक वकील बोलवा. तीन तास पुरतात. कोमट पाण्याची बादली ठेवून प्रत्यक्ष करून दाखवा. वरच्या नऊ सूचना एका कागदावर छापून हेल्परच्या पिशवीत टाका. जयंतीच्या खर्चातून वस्तीतल्या प्रत्येक एसी कामगाराला एक जोड योग्य मोजे आणि एक गॉगल द्या. चार-पाच मुलांनी मिळून रिकव्हरी मशीन घेता येते का, याचाही विचार करा; बचत गट अशाच कामासाठी असतात. ज्या मुलाचा हात आधीच दुखावला आहे त्याला घेऊन एका कार्यकर्त्याने कामगार कार्यालयात जावे. एक दावा जिंकला की पुढचे दहा जण स्वतःहून येतात.

आणि मित्रांनो, तुम्ही स्वतः हे काम करत असाल तर एवढे लक्षात ठेवा. गळती दिसली तर अंगठा लावू नका, व्हॉल्व्ह बंद करा. व्हॉल्व्ह बंद होत नसेल तर मागे सरा. उडालेला गॅस उद्या पुन्हा विकत मिळतो.